पाणखारच्या बांधाचं वर्ष

पाणखार, ता. पेण
१४ मार्च १९८५

सन्माननीय आमदार सौ. चंद्रावतीबाई यांस,

पाणखारहून पुंडलिकचा नमस्कार.

निकाल रेडिओवर ऐकला. तुम्ही आलात, मी पडलो. जिंकलेल्याचं अभिनंदन करायचं असतं म्हणून हे पत्र. मी तीनदा उभा राहिलो आणि तीनदा पडलो. पहिल्या दोन वेळी परक्या माणसांनी पाडलं, या वेळी माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलीनं. तुमची मामी निकाल लागल्यापासून मला पाहिलं की तोंडाला पदर लावून हसते आहे.

आता कामाचं. पाणखारने मतं मला दिली. तुम्हाला या गावातून जी मूठभर मिळाली ती कोणाची हेही मला ठाऊक आहे. त्यात तुमची मामी आहे. गावात आता असं बोलणं चाललं आहे की पाच वर्षं आपल्याला काही मिळायचं नाय. मी सांगितलं, भाची आहे म्हणून मी तिच्या दारात जाणार नाय. पण आमदार म्हणून तिनं करायचं ते तिच्याकडून करून घेईन.

तर लेखी कळवतो. खाडी आणि आमची शेतं यांच्यामध्ये तेवढा एक मातीचा बांध आहे आणि तो जागोजागी झिजला आहे. पुढे काही झालं तर ठाऊक नव्हतं असं म्हणू नये.

आपला,
पुंडलिक

*

रोहा
२२ मार्च १९८५

तीर्थरूप पुंडलिकमामांस,

चंद्राचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'तुम्ही' आणि 'सन्माननीय' वाचून आधी राग आला, मग हसू आलं. आई गेल्यापासून मला 'चंद्रे' म्हणून हाक मारणारी दोनच माणसं उरली आहेत, मामी आणि तुम्ही. तुम्ही रागावून का होईना, पण तसंच म्हणत जा.

निकालापासून घरात पाय ठेवायला जागा नाही. कोणाला रेशन कार्ड हवं आहे, कोणाला मुलाची बदली. निडीची मंडळी आली होती, नव्या रेल्वेलाइनवर त्यांच्या गावाला स्टेशन द्या म्हणून. रेल्वे माझ्या हातात नाही, ते दिल्लीचं काम, असं सांगितलं तर एक म्हातारा म्हणाला, मग तुम्ही दिल्लीला पत्र लिहा, आम्ही लिहिलं तर ते वाचत नाहीत. लिहिलं मी. माझे यजमान शाळेतून आले की चहा करायला बसतात. आता त्यांना गावातली निम्मी माणसं नावानं ओळखता येतात.

तुमच्या बांधाविषयी खरं तेच लिहिते. प्रचारात गडबला मी जाहीर सभेत शब्द दिला आहे की तिथला बांध आणि उघाडी, म्हणजे पाणी सोडायची दारं, पहिल्या वर्षात बांधून देईन. गडब माझं माहेर, त्यांनी भरभरून मतं दिली. तेव्हा पहिला शब्द त्यांचा. पाणखार मी यादीत घातलं आहे, पण दुसऱ्या नंबरावर. हे तुम्हाला आवडणार नाही. पण गोड बोलून फसवलेलं तुम्हाला त्याहून आवडणार नाही.

मामीला नमस्कार.

तुमची,
चंद्रा

*

पाणखार
५ जुलै १९८५

आमदार बाईसाहेबांस,

आषाढी पौर्णिमेच्या उधाणाला बांध फुटला. खाडीकडच्या अंगाला मोठी खांड पडली. एवढी की होडी आत येईल. आली पण. केरू कोळ्याची होडी सुटून रंभाच्या शेतात जाऊन बसली आहे.

लावणी झालेली होती. आता सगळी शेतं खाडीसारखी दिसतात. पाणी भरतं तेव्हा आत येतं, ओहोटीला बाहेर जातं आणि मीठ मागे ठेवून जातं. या जमिनीला पुन्हा भात द्यायला किती पावसाळे लागतील, सांगता येत नाय. गावातले बाप्ये आणि बाया चिखलाच्या ढेपा टाकतायत. टाकलेलं पुढच्या भरतीला वाहून जातं. तरी टाकतायत.

मार्चमध्ये कळवलं होतं. एवढंच.

पुंडलिक

*

आमदार निवास, मुंबई
१९ जुलै १९८५

तीर्थरूप मामांस,

रविवारी मी बांधावर आले तेव्हा तुम्ही सगळ्यांसमोर मला "या बाईसाहेब" म्हणालात आणि पुढे एक शब्द बोलला नाहीत.

मी बायांच्या रांगेत उभी राहिले ते फोटोसाठी, असं तुम्हाला वाटलं असेल तर सांगते, तसं नव्हतं. माझ्याबरोबर आलेले कार्यकर्ते छत्री घेऊन मागे धावत होते आणि मला लाज वाटत होती. रंभानं माझ्या हातात ढेप दिली, मी पुढच्या बाईच्या हातात दिली. मग तासभर तेच केलं. आम्ही टाकलेली ढेप भरती नेते हे मी डोळ्यांनी पाहिलं. या कामाला सरकारच हवं, गावाचे हात पुरायचे नाहीत.

इथे अधिवेशन चालू आहे. मी तारांकित प्रश्न दिला आहे. तारांकित म्हणजे मंत्र्यांनी उभं राहून तोंडी उत्तर द्यायचं, आणि त्यावर मला आणखी विचारता येतं. प्रश्न स्वीकारला गेला आहे, तारीख एकतीस जुलै. पेपरात बघा.

सभागृहात अजून मी बोललेले नाही.

चंद्रा

*

पाणखार
३ ऑगस्ट १९८५

आमदार बाईसाहेबांस,

एकतीस तारखेचं कामकाज पेपरात वाचलं. सगळी पानं पाहिली. मग पेणला जाऊन दुसरे दोन पेपर आणले, तेही पाहिले. पाणखारचं नाव कुठंच नाय. तुमचंही नाय. गावाला मी सांगून ठेवलं होतं की बाई बोलणार आहेत. माणसं माझ्या ओट्यावर येऊन बसली होती. मी त्यांना काय सांगायचं?

तेव्हा आमच्या पक्षाने ठरवलं आहे. येत्या शुक्रवारी रोह्याला तुमच्या दारावर मोर्चा येईल. काळे झेंडे असतील आणि घोषणा तुमच्या नावानेच होतील. आधी कळवतो आहे कारण मोर्चात म्हाताऱ्या बाया आहेत. दारात प्यायच्या पाण्याची सोय ठेवावी.

पुंडलिक

*

रोहा
६ ऑगस्ट १९८५

तीर्थरूप मामांस,

माझा प्रश्न यादीत होता. पण माझ्या आधीच्या प्रश्नांवर इतकं भांडण झालं की तास संपला आणि अध्यक्षांनी पुढचं काम पुकारलं. मी उभी राहिले होते. कागद हातात होता. खाली बसावं लागलं. मग उत्तर छापून मिळालं. त्यात एकच ओळ आहे, 'बाब विचाराधीन आहे.' त्या दिवशी मी खोलीवर येऊन जेवले नाही. हे तुम्हाला कळवायला हवं होतं, पण हरल्यासारखं वाटत होतं आणि ते तुम्हाला लिहायचं धाडस झालं नाही.

आता मोर्चाचं. मोर्चा जरूर काढा. पण माझ्या दारावर आणलात तर माझ्या यजमानांशिवाय कोणाला दिसणार नाही. तो पेणला तहसील कचेरीवर न्या. मी तिथे येते. सगळ्यांसमोर मला निवेदन द्या आणि काय बोलायचं ते तोंडावर बोला, राखून बोलू नका. सरकारी पक्षाच्या बाईवर तिचीच माणसं काळे झेंडे घेऊन आली, ही बातमी मंत्र्यांच्या टेबलावर जाईल. माझ्या तोंडी विनंतीने जे होत नाही ते तेवढ्यानं होईल.

माझ्या पक्षातले लोक मला वेडी म्हणतील. म्हणू देत.

पाणी मी पेणला ठेवते. गूळही ठेवते.

चंद्रा

*

आमदार निवास, नागपूर
१३ डिसेंबर १९८५

तीर्थरूप मामांस,

इथे थंडी अशी आहे की आपल्याकडच्या माणसाला खरी वाटणार नाही. शेजारच्या खोलीतल्या आमदारबाईंनी त्यांची शाल दिली म्हणून लिहिते आहे.

तुमच्या मोर्चाचा फोटो मी इथे घेऊन आले होते. तुम्ही हात वर करून माझ्यावर ओरडता आहात आणि मी मान खाली घालून निवेदन घेते आहे. तो फोटो मी मंत्र्यांच्या पुढ्यात ठेवला. ते बघून म्हणाले, हे गृहस्थ कोण? म्हटलं, माझे मामा. ते हसले. मग म्हणाले, यंदा तुमच्या तालुक्याला एकाच बांधाचे पैसे आहेत. तुमच्याच पत्रावरून गडबचं नाव आधी लागलं आहे. बदलायचं तर आत्ताच लिहून द्या, पण एक काढल्याशिवाय दुसरं घालता येणार नाही.

मामा, मी तिथल्या तिथे लिहू शकले नाही. बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. गडबचा बांध कच्चा आहे, पण उभा आहे. तुमचा फुटलेला आहे. पावसाळ्याआधी खांड बुजली नाही तर ती जमीन कायमची खाडीची होईल. हे मला कळत होतं. पण गडबच्या शाळेपुढे उभं राहून दिलेला शब्दही माझाच होता. बाबा त्याच शाळेत शिकले. शेवटी आत जाऊन गडब खोडलं आणि पाणखार लिहिलं. माझ्याच हाताने.

काल लक्षवेधी सूचनेवर मी बोलले. पहिल्यांदाच. मंत्र्यांनी कामाचं जाहीर केलं, तेवढ्यात समोरच्या बाकावरून एक सदस्य म्हणाले, बाईंच्या मामांचं गाव आहे म्हणून एवढी धावपळ. सगळे हसले. मी म्हटलं, "अध्यक्ष महोदय, ते माझ्या मामांचं गाव आहे हे खरं. मामा माझ्याविरुद्ध उभे होते आणि त्या गावाने मतं त्यांना दिली. पण मी फक्त मला मतं देणाऱ्यांची आमदार आहे, असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही."

दोन्ही बाजूंची बाकं वाजली. ज्यांनी टोमणा मारला होता त्यांनीही वाजवलं.

गडबला पेपर आज पोचला असेल. मला आनंद झाला आहे आणि भीती वाटते आहे, दोन्ही एकदम.

चंद्रा

*

पाणखार
२८ डिसेंबर १९८५

चि. चंद्रीस,

आशीर्वाद.

पत्र मिळालं. पेपरही मिळाला. मामीनं तुझं बोलणं दोनदा वाचलं. कात्रण तिने तांदळाच्या डब्यात ठेवलं आहे, उंदराला सापडू नये म्हणून.

सरकारची माणसं मोजणीला आली होती. खुंट्या ठोकून गेली. गाव काय म्हणतं ते लिहीत नाय. तू फुगशील. आमचा पक्ष म्हणतो की हे मोर्चामुळे झालं. तेही खरंच आहे.

गडबचं मनाला लावून घेऊ नको. तिकडं काय चाललंय मला काही ठाऊक नाय, मी तिकडं फिरकलो नाय. तब्येत बरी आहे. एस.टी.च्या दारात अडकून सदरा फाटला, बाकी काही विशेष नाय.

तुझा,
पुंडलिकमामा

*

पाणखार
९ जानेवारी १९८६

चि. चंद्रे,

मामीचा आशीर्वाद घे गो. मी चौथी शिकले, ते आज उपयोगी पडतंय. तुझ्या मामाला न सांगता लिहितेय.

त्याने तुला सदरा एस.टी.त फाटला असं लिहिलंय. तसं नाय. रंभाची बहीण गडबला दिलीय, तिने सगळं सांगितलं.

गडबला नाताळाच्या आदल्या दिवशी देवळापुढं मोठी सभा झाली. तुझ्या नावानं लोक लई चिडलेले. तू शब्द मोडलास, आता गावात पाय ठेवायचा नाय, असा ठराव करणार होते. तुझा भाऊ सखा तिथंच बसला होता, पण खाली मान घालून. त्याचं तरी काय चुकलं, त्याला गावात राहायचं हाय.

तुझ्या मामाला इथं कळलं. त्याच्या पक्षाची माणसं म्हणाली, त्यांचं त्यांच्यात भांडण लागलंय, आपल्याला बरंच हाय, तू जाऊ नको. हा ऐकतो काय? बिनबोलावता गेला. सभेत उभा राहिला तर लोकांनी ओढला, तेव्हा सदरा खांद्यात फाटला. पण खाली बसला नाय. रंभाच्या बहिणीनं सांगितलं तसं लिहिते. तो म्हणाला, "मी तुमच्या बाईविरुद्ध उभा होतो आणि पडलो. मी निवडून आलो असतो तर पहिला बांध माझ्या गावाला बांधला असता आणि तुम्ही मला काही बोलला नसता, कारण सगळे तसंच करतात. तिनं स्वतःच्या गावाचं नाव स्वतःच्या हातानं खोडलं, ते फुटलेला बांध बघून. मी तिच्यापुढं पडलो त्याची मला आता लाज नाय. तुमची मुलगी हाय. गावात येऊ नको म्हणणार असाल तर माझ्या गावाला द्या, आम्ही तिला घेऊन जातो."

ठराव झाला नाय.

घरी येऊन त्यानं फाटका सदरा माझ्यापुढं टाकला नि एस.टी. म्हणाला. पुढच्या आठवड्यात त्याच्या पक्षाने त्याला तालुक्याच्या कमिटीवरून काढलं. तेही तुला कळवलं नाय ना? मला ठाऊक होतं.

सदरा शिवलाय. तो मुंबईला घालून यायच्या लायकीचा हाय.

तुझी,
पुतळीमामी

*

मुंबई
१७ मार्च १९८६

तीर्थरूप मामांस,

खांड बुजली, हे तुमच्या आधी मला कंत्राटदाराच्या माणसाने सांगितलं. म्हणाला, गावातल्या बाया रोज येऊन दगड मोजतात आणि माती दाबली की नाही ते पायाने बघतात, आम्हाला चुकार काम करायची सोय नाही. मला फार बरं वाटलं.

मी गडबला गेले होते. एकटीच. कार्यकर्ते, गाडी काही नाही, एस.टी.ने उतरून चालत गेले. देवळापुढे बसले आणि म्हटलं, मी शब्द मोडला, काय बोलायचं ते बोला. दुपारभर लोक बोलले. मी ऐकत बसले. सगळं बोलून झाल्यावर सखादादाच्या बायकोने पाणी आणून दिलं, आणि दादा म्हणाला, आता जेवूनच जा. मला वाटलं होतं त्याहून सोपं गेलं. का सोपं गेलं ते मला कळलं आहे. कोणी सांगितलं ते विचारू नका, आणि मामीला तर मुळीच विचारू नका.

त्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. लिहायला बसले की पुढे जाता येत नाही.

आता अर्थसंकल्पाचं अधिवेशन आहे. खात्याच्या मागण्यांवर सत्तावीस तारखेला मी बोलणार आहे, गडबच्या बांधासाठी. नव्या वर्षाच्या पैशात तो बसवून घेतल्याशिवाय मी सोडणार नाही. सोबत प्रेक्षक गॅलरीचा पास आहे, तुमच्या नावाचा. तीनदा ज्या सभागृहासाठी उभे राहिलात ते तुम्ही आतून पाहिलेलं नाही. या. विरोधी पक्षाचे म्हणून या हवं तर.

चंद्रा

*

पाणखार
१ एप्रिल १९८६

चि. चंद्रीस,

अनेक आशीर्वाद.

मी आलो होतो. तुला न भेटता परत आलो त्याचा राग धरू नको. कारण सांगतो.

रामवाडीला पहाटेची एस.टी. धरली. मामीनं शिवलेला सदरा घातला होता. विधान भवनाच्या दारात शिपायानं पास पाहिला, पिशवी ठेवून घेतली. त्यात तुझ्यासाठी खाडीची सुकी कोलंबी होती. तिचा वास आला म्हणून तो हसला. आत वर नेऊन बसवलं. मला वाटलं होतं मोठं असेल, पण एवढं उंच असेल असं वाटलं नव्हतं. खाली तू कुठं बसतेस ते शोधलं. मागच्या बाकावर, खांबाजवळ. हिरवी साडी. तू एकदाही वर पाहिलं नाय. बरं केलंस.

आधी खूप जण बोलले. काही वाचत होते, काही नुसते ओरडत होते. मग अध्यक्षांनी तुझं नाव घेतलं. तू कागद हातात घेतलास आणि मग तो खाली ठेवलास. गडबचं पाणी कुठून शिरतं, किती घरं भरतीच्या रेषेत आहेत, सगळं तोंडानं सांगितलंस. मग म्हणालीस, "गेल्या वर्षी मी या गावाचं नाव माझ्या हाताने मागे ठेवलं. ते योग्य होतं. यंदा पुन्हा मागे ठेवलं तर ते योग्य होणार नाही, आणि त्याचा जाब गावाला मी नाही, या सभागृहाने द्यायचा आहे." मंत्री उठून उत्तर देऊ लागले तेव्हा मी ओठ हलवत होतो, देवापुढं हलवतात तसे. आणि त्यांनी गडबचं नाव घेतलं, यंदाच काम सुरू करू म्हणाले. खालची बाकं वाजली.

चंद्रे, मी आयुष्यभर सभांमध्ये बसलेला माणूस. चांगलं बोललं की हात आपोआप उठतात. माझे उठले. मागे उभा असलेला शिपाई खांद्यावर बोट ठेवून म्हणाला, बाबा, गॅलरीत टाळ्या वाजवायच्या नसतात, नाहीतर बाहेर काढावं लागेल. तुझं अजून संपलं नव्हतं, आभाराचे दोन शब्द बोलायला तू पुन्हा उभी राहिली होतीस. मग मी दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यावर बसलो. शेजारी एक सोलापूरकडचा माणूस होता. त्यानं हळूच विचारलं, बाई कोणत्या? मी म्हटलं, आमच्या. एवढंच निघालं.

म्हणून भेटलो नाय. तुझ्या पक्षाची मोठी माणसं तुझ्याभोवती जमली असती आणि त्यांच्यामध्ये मी डोळे पुसत उभा राहिलो असतो. ते तुला शोभलं नसतं, आणि मला तर मुळीच नाय. कोलंबी शिपायाला दिली. मामीला सांगू नको.

एक गोष्ट स्पष्ट करतो. पुढच्या निवडणुकीला मी उभा राहणार. पक्षानं तिकीट दिलं नाय तर अपक्ष राहीन. तुझ्यासमोर कोणीतरी ऐरागैरा उभा राहावा हे मला पटत नाय.

तर मी बाहेर आलो, पिशवी घेतली, फाटकातून रस्त्यावर गेलो. समोर समुद्राचं वारं. लोक हापिसातून सुटून चालले होते. मी फूटपाथवर थांबलो, पिशवी पायाशी ठेवली आणि विधान भवनाकडं तोंड करून टाळ्या वाजवल्या. एकट्यानं, हात दुखेपर्यंत. माणसं वळून बघायला लागली. एक पोलीस जवळ आला नि म्हणाला, काका, काय झालं? मी म्हटलं, काही नाय, आत राहिल्या होत्या, त्या वाजवतोय.

तुझा,
पुंडलिकमामा